जात्यावरच्या ओव्यांची वेबसाइट घरच्या संगणकावर कशी बांधावी?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शाळेतून निवृत्त झाल्यावर तुमच्याकडे गावातल्या बायकांकडून गोळा केलेल्या सुमारे दोनशे ओव्या, पंचवीसेक फोटो आणि कॅसेटवरची तीन तासांची ध्वनिमुद्रणं आहेत. ओव्यांचा मोठा भाग १९९८ ते २००६ या काळात डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेला आहे. भाचा म्हणतो, फेसबुकवर टाकून द्या. तुम्हाला मात्र हे सगळं एका जागी, नीट लावलेलं, स्वतःच्या पत्त्यावर हवं आहे. प्रोग्रॅमिंग शिकायची तयारी नाही, दरमहा पैसे भरायची इच्छा नाही. संगणकावर बसून हे जमेल का, कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं आणि तयार झालेलं 'वर' कसं चढवायचं?

जमेल. मी वीस वर्षांहून अधिक काळ लोकांना वेबसाइट करून देतोय. तुमच्यासारखा मजकूर हातात असेल तर घरच्या संगणकावर ती बांधणं हाच सगळ्यात टिकाऊ मार्ग आहे, असं माझं ठाम मत आहे. का, ते आधी सांगतो. सॉफ्टवेअरचं नाव त्यानंतर.

वेबसाइट म्हणजे एक फोल्डर. त्यात काही पानांच्या फाइली, काही फोटो, काही आवाज. हा फोल्डर तुमच्या संगणकावर असतो तेव्हा फक्त तुम्हाला दिसतो. त्याची एक प्रत चोवीस तास चालू असलेल्या दुसऱ्या संगणकावर ठेवली की जगाला दिसते. त्या दुसऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात आणि प्रत ठेवण्याला 'साइट वर चढवणं'. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेतून पहिली वेबसाइट जगापुढे ठेवली, तेव्हाही गोष्ट एवढीच होती. त्या काळच्या साध्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानं लिहिण्याच्या खुणांच्या भाषेत, लिहिलेलं पान आजच्या मोबाइलवरही उघडतं. तीस वर्षांपूर्वीची फ्लॉपी आज कोणी उघडून दाखवावी!

सॉफ्टवेअरं मात्र येतात आणि जातात. मायक्रोसॉफ्टचं फ्रंटपेज एके काळी सायबर कॅफेतल्या प्रत्येक संगणकावर दिसायचं. त्याची शेवटची आवृत्ती २००३ ची. ॲपलचं आयवेब २००६ मध्ये आलं. त्यातली पानं जिथे थेट चढायची ती मोबाइलमी सेवा ३० जून २०१२ ला बंद झाली. जिओसिटीज या फुकट वेबपानांच्या सेवेवरची लाखो घरगुती पानं ऑक्टोबर २००९ मध्ये एका झटक्यात गेली. या सगळ्यांतून ज्यांची पानं वाचली, त्यांच्याकडे मूळ फोल्डर घरी होता.

माझ्याकडे नव्हता. माझी पहिली साइट किल्ल्यांच्या भटकंतीची होती, चाळीसेक पानांची. मी ती थेट सर्व्हरवरच दुरुस्त करत असे, घरी प्रत ठेवत नसे. ज्या छोट्या कंपनीकडे जागा घेतली होती ती एके दिवशी बंद पडली आणि माझी चाळीस पानं तिच्याबरोबर गेली. पानं पुन्हा लिहिता आली असती. पण त्यांत वाटेवरच्या वाड्यांमधल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या हकिकती होत्या, आणि ती माणसं तोवर राहिली नव्हती. तुमच्या ओव्यांबाबत हे होऊ नये म्हणून इतकं सविस्तर लिहितोय. मूळ प्रत तुमच्याकडे, सर्व्हरवर फक्त नक्कल, हा क्रम कधी उलटू देऊ नका.

आता खरं काम, आणि ते वेबसाइटचं नाहीच. ते टाइप केलेल्या मजकुराचं आहे.

१९९८ मध्ये डीटीपीवाल्याकडे बहुधा पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी असणार किंवा सी-डॅकचं आयएसएम, म्हणजे मराठी टाइप करण्याची त्या काळची सॉफ्टवेअरं. त्या फाँटांत देवनागरी अक्षर फक्त दिसायला देवनागरी असतं. फाइलीच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फाँट त्यांवर मराठी मुखवटा चढवतो. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मुखवटा गळून पडतो आणि स्क्रीनवर कचरा दिसतो. वेबसाइटवर असा मजकूर टाकू नये. वाचकाला दिसणार नाही, आणि दिसला तरी शोधून सापडणार नाही. कोणी 'पंढरीच्या वाटं' असं शोधलं तर तुमचं पान येणारच नाही, कारण संगणकाच्या लेखी त्या पानावर मराठीचं एक अक्षरही नाही.

म्हणून आधी सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत. ही रूपांतराची साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात. पण ती फाँटागणिक वेगळी असतात: डीव्हीबी-टीटी योगेशला एक, श्री-देवला दुसरं, शिवाजीला तिसरं. चुकीचं निवडलं तर अर्धी अक्षरं बरोबर येतात आणि अर्धी भलतीच, आणि ते जास्त धोक्याचं. कारण सरसकट कचरा लगेच दिसतो, पण चारशे ओळींमध्ये लपलेली सात चुकीची अक्षरं दिसत नाहीत.

रूपांतर झाल्यावर छापील प्रत शेजारी ठेवून प्रत्येक ओवी डोळ्यांखालून घाला. माझ्या अनुभवात चुका ठरावीक जागी होतात. पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर सरकते. रफार एक घर पुढे किंवा मागे जातो. आणि सगळ्यात मोठी खोड ऱ्याची. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यांचा आणि आचाऱ्यांचा यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढा फरक. जुन्या फाँटांमधून आलेला हा अर्धा र कधी साधा रफार होऊन बसतो, तर कधी दिसायला बरोबर पण आतून वेगळ्या पद्धतीने लिहिलेला असतो. तो नुक्त्याच्या, म्हणजे खाली टिंब असलेल्या, ऱ पासून बनलेला हवा. मजकुरात एकच पद्धत ठेवलीत तर शोध नीट चालतो.

आणखी एक, आणि हे शिक्षक असल्यामुळे तुम्हाला वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. ओवीत बाई 'पानी' म्हणाली असेल तर 'पाणी' करू नका. रूपांतराच्या चुका दुरुस्त करताना हात आपोआप शुद्धलेखनाकडे वळतो. बोली तशीच राहू द्या.

या कामाला दोन-तीन आठवडे लागतील. रोज दहा ओव्या, त्याहून जास्त नाही. डोळे थकले की चूक निसटते. तपासलेली प्रत साध्या मजकुराच्या फाइलीत जतन करा आणि एन्कोडिंग विचारलं तर यूटीएफ-८ निवडा. विंडोज १० च्या २०१९ नंतरच्या नोटपॅडमध्ये ते आपोआप होतं. हा फोल्डर तुमचा मूळ ठेवा. पुढे साइट राहो न राहो, तो राहील.

सॉफ्टवेअरकडे येतो. तीन वाटा आहेत.

वर्डमध्ये लिहून 'वेब पेज म्हणून जतन करा' ही पहिली वाट घेऊ नका. दिसतं सोपं, पण वर्ड प्रत्येक ओळीभोवती इतका अनावश्यक पसारा घालतो की पुढे एक शब्द बदलायचा म्हटलं तरी जीव जातो. वर्डमधून दुसरीकडे मजकूर चिकटवतानाही हा पसारा मागोमाग येतो. म्हणून आधी नोटपॅडमध्ये चिकटवा, तिथून उचला.

दुसरी वाट स्वतः एचटीएमएल लिहिण्याची. नोटपॅड प्लस प्लससारखं फुकट साधन, एक नमुना पान आणि त्याच्या प्रती. दहा पानांची, फारशी न बदलणारी साइट असेल तर मी आजही असंच करतो आणि दुसऱ्यालाही हेच सुचवतो. पण तुमची साइट वाढणार आहे. वीस पानं झाल्यावर वरच्या मेनूत एक शब्द बदलायचा तर वीस फाइली उघडाव्या लागतील.

म्हणून तुम्हाला तिसरी वाट, पब्ली नावाचं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, मुक्त स्रोताचं आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. तुमच्याच संगणकावर बसतं. तुम्ही वर्डमध्ये लिहिता तसं लिहायचं, फोटो टाकायचा, विषय लावायचा. पानं, मेनू, सूची हे सगळं ते स्वतः बनवतं. डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये त्याचा एक फोल्डर तयार होतो, त्यात 'साइट्स' आणि त्याच्या आत साइटच्या नावाचा. त्याच्या पोटात 'इनपुट' म्हणजे तुमचं लेखन आणि 'आउटपुट' म्हणजे तयार पानं. उद्या पब्ली बंद पडलं तरी आउटपुटमधली पानं साध्या एचटीएमएलची असतात. ती कुठेही चढवता येतात. मी ते निवडलं ते याच एका कारणासाठी. दिसायला देखणी सॉफ्टवेअरं पुष्कळ आहेत, पण बरीचशी तुमची साइट त्यांच्याच खास फाइलीत कोंडून ठेवतात.

पब्ली उघडल्यावर पहिल्या दिवशीच साइटच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी करा. तिथे मराठीचा संकेत रोमन लिपीतली 'एम' आणि 'आर' ही दोन लहान अक्षरं. पुष्कळ लोक हे सोडून देतात. पण ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी असतात. काही फाँटांत दोन्ही वळणं असतात आणि पान मराठीचं आहे हे कळलं तरच ते मराठी वळण दाखवतात. ब्राउझर वाचून दाखवतो किंवा भाषांतर सुचवतो, तेव्हाही हाच संकेत वापरतो.

एका ओवीला एक पान असं करू नका. विषयवार पानं करा: सासर-माहेर, भाऊ, पाऊस-पेरणी, विठ्ठल, सीता. दहा-बारा पानांत दोनशे ओव्या बसतील आणि वाचणाऱ्याला एकामागून एक वाचता येतील. ओवीतली ओळ संपली की शिफ्ट दाबून एंटर, ओवी संपली की नुसतं एंटर. ओळी जुळवायला स्पेस मारत बसू नका, मोबाइलवर त्या विस्कटतात.

प्रत्येक पानाला पत्ता देताना मात्र रोमन लिपीतली छोटी अक्षरं आणि शब्दांमधे आडवी रेघ वापरा. मराठीत पत्ता देता येतो, पण यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि पत्त्याची नक्कल करताना दर बाइटाचे तीन वर्ण होतात. नुसत्या 'ओवी' शब्दाचे सत्तावीस वर्ण. व्हॉट्सॲपवर तो पत्ता पाठवला की लोकांना वाटतं काहीतरी फसवणुकीचं आलंय.

फोटोंच्या फाइलींनाही हाच नियम. विंडोज लहान-मोठं अक्षर एकच मानतं, बहुतेक सर्व्हर मानत नाहीत. घरी दिसणारा फोटो वर चढवल्यावर गायब झाला तर दहापैकी सात वेळा फाइलीच्या शेवटच्या 'जेपीजी'ची अक्षरं एकीकडे मोठी आणि दुसरीकडे लहान असतात. उरलेल्यांत पानावर थेट तुमच्या सी ड्राइव्हचा पत्ता पडलेला असतो. अर्थात तो फक्त तुम्हालाच दिसतो.

मोबाइलचा फोटो चार-पाच एमबीचा असतो. इरफानव्ह्यू हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, सगळे फोटो एकदम निवडून रुंदी १६०० पिक्सेल आणि जेपीजीची गुणवत्ता (क्वालिटी) ८० करा. फोटो तीनेकशे केबीवर येतो आणि डोळ्याला फरक कळत नाही. त्याच वेळी फोटोसोबतची आतली माहिती काढून टाकायचा पर्याय निवडा. मोबाइल फोटोच्या पोटात तो कुठे काढला ते अक्षांश-रेखांशासकट लिहून ठेवतो. गाणाऱ्या आजींच्या घराचा नकाशा जगाला देण्याचं आपल्याला कारण नाही.

कॅसेटींचं काम मात्र पुढे ढकलू नका, वेबसाइटच्याही आधी तेच करा. टेपचा फीत-पट्टा दरवर्षी खराब होतोय आणि वाजवणारी यंत्रंही मिळेनाशी झाली आहेत. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या छिद्रातून संगणकाच्या लाइन-इनमध्ये साधी केबल आणि संगणकावर ऑडॅसिटी हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर. मूळ ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्ही फाइलीत ठेवा. मोनोमध्ये, म्हणजे आवाजाचा एकच पट्टा ठेवला तर, मिनिटाला पाच एमबीहून थोडं जास्त लागतं, म्हणजे तुमचे तीन तास एक जीबीत येतात. या फाइली पेन ड्राइव्हवर आणि दुसऱ्या कुणाच्या तरी घरी. साइटसाठी त्यांची एमपी३ प्रत काढा, मोनो, ६४ केबीपीएस. माणसाच्या आवाजाला तेवढं पुरतं, आणि मिनिटाला ४८० केबीच लागतात. तीन तासांचे ८६ एमबी. जात्याची घरघर कमी करायचा मोह होईल. करू नका, तिच्या लयीवरच ओवी उभी आहे. तीन तासांची एकच फाइल न ठेवता गाण्यागणिक तुकडे करा आणि त्या त्या विषयाच्या पानावर दुवा द्या. ब्राउझर स्वतःच वाजवतो.

दिसण्याबद्दल दोनच गोष्टी. अक्षरांमधलं अंतर वाढवणारी सजावट देवनागरीला लावू नका, शिरोरेषा तुटते. आणि ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा. वर मात्रा, खाली उकार, त्यांना जागा लागते. फाँटाची चिंता नको. अँड्रॉइडवर नोटो, विंडोजवर निर्मला आणि ॲपलवर कोहिनूर आधीच असतात. पब्लीबरोबर येणारा साधा पांढरा आराखडा ठेवा.

आता चढवायचं कुठे. फुकट जागा देणाऱ्या सेवा बऱ्याच आहेत, पण तुमच्याकडे आवाज आहे, म्हणून बघून घ्यावं लागतं. निओसिटीज मला मनापासून आवडते, एक जीबी जागा देते, पण फुकट खात्यात आवाजाच्या फाइली चढवू देत नाही. गिटहब या सेवेचं गिटहब पेजेस मात्र देतं. साइट एक जीबीपर्यंत आणि महिन्याला शंभर जीबीच्या आसपास वाचकांची ये-जा चालते. तुमचं सगळं मिळून शंभर एमबीच्या आसपास भरेल. पब्लीतून थेट गिटहबवर चढवण्याची सोय आहे. त्यासाठी एकदाच खातं उघडायचं, त्यात साइटसाठी एक जागा करायची आणि पब्लीला द्यायला 'टोकन' नावाची किल्ली घ्यायची. तासभराचं काम, भाच्याला तेवढ्यापुरतं बसवा. या किल्लीला मुदत असते. काही महिन्यांनी अचानक साइट चढेनाशी झाली तर घाबरू नका, किल्ली संपलेली असते, नवी घ्या. आणि एक ध्यानात असू द्या: फुकट खात्यात साइटच्या त्या जागेत ठेवलेली प्रत्येक फाइल कुणालाही बघता येते. खासगी काही त्या फोल्डरात नको.

यानंतर रोजचं काम एवढंच: पब्लीत लिहायचं, 'प्रीव्ह्यू'त बघायचं, 'सिंक' दाबायचं. पहिल्यांदा चढवल्यावर शेजारणीच्या मोबाइलवर, वायफाय बंद करून, प्रत्येक पान उघडून बघा. स्वतःच्या संगणकावर सगळं नेहमी बरोबरच दिसतं.

पुढे कधी पैसे देऊन जागा घेतलीत, तर फाइलझिला या फाइली पाठवण्याच्या सॉफ्टवेअरने फाइली चढवाव्या लागतील. तेव्हा पाठवण्याची पद्धत साधी एफटीपी नको, एसएफटीपी घ्या. साधीत पासवर्ड उघडा जातो.

स्वतःचा पत्ता, म्हणजे डोमेन, सुरुवातीला घेऊ नका. सहा महिने गिटहबच्या पत्त्यावर चालू द्या. नंतर वाटलं तर डॉट इन घ्या. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं. मला त्याचा अभिमान आहे, पण एकमेव पत्ता म्हणून ते घेऊ नका, बरेच लोक ते टाइप करू शकत नाहीत. घेताना दोन गोष्टी. पहिल्या वर्षाची किंमत बघू नका, नूतनीकरणाची बघा. आणि नोंदणी तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर हवी, मदत करणारा कितीही जवळचा असो. एका वाचनालयाची साइट मी पाच वर्षं सांभाळली. डोमेन माझ्याआधीच्या माणसाने स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. तो परदेशी गेला, ते ईमेल बंद पडलं, नूतनीकरणाच्या सूचना तिथेच जात राहिल्या आणि नाव हातचं गेलं. मजकूर होता, पत्ता नव्हता.

साइट उभी राहिली की वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जाऊन तुमच्या प्रत्येक पानाचा पत्ता जतन करायला द्या. फुकट आहे, पानामागे एक मिनिट लागतं.

साइट वर चढवण्याआधी मात्र गाणाऱ्या बायकांकडे, किंवा त्या नसतील तर त्यांच्या घरी, एकदा जाऊन या. नाव छापू का, गाव लिहू का, आवाज ऐकवू का, हे विचारा. काहींना नाव हवं असेल, काहींना नको. सासरच्या जाचाची ओवी नावानिशी आली तर आजही कुणाला त्रास होऊ शकतो. जिथे नावाला हो म्हणतील तिथे ते ओवीच्या खाली मोठं लिहा, 'लोकगीत' म्हणून बेनाव सोडू नका. कोणत्या वर्षी ऐकली तेही लिहा.

आता लगेच करायचं काम एकच. डीटीपीच्या जुन्या फाइलींपैकी कोणतीही एक उघडा, मजकूर निवडा आणि वर फाँटाच्या चौकटीत काय नाव दिसतं ते मला कळवा, अक्षरागणिक, पुढच्या-मागच्या आकड्यांसकट. फाइल उघडतच नसेल तर तिच्या नावातली शेवटची तीन अक्षरं कळवा. पेजमेकर या पानं जुळवण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरची असेल तर वाट थोडी वेगळी आहे. नाव कळलं की रूपांतराचं कोणतं साधन ते सांगतो आणि पहिल्या पाच ओव्या तुमच्याबरोबर मीही तपासतो.